पोत्यावरचं नाव

आजीचा कल्चर रिपोर्ट माझ्या हातात पडला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरला होते. मे २०१९. नाशिकमधल्या एका हॉस्पिटलचा तिसरा मजला. अण्णा खाली बिलाच्या रांगेत उभे होते. आजीला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं आणि आठ दिवस झाले तरी ताप हटत नव्हता.

रिपोर्टमध्ये डावीकडे औषधांची नावं होती, उजवीकडे प्रत्येकासमोर एक अक्षर. एस म्हणजे औषध लागू पडेल. आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देणार नाही. मी वरून खाली वाचत गेले. आर, आर, आर, आर. पान संपत आलं तेव्हा कुठे एक एस दिसला. त्या ओळीत नाव होतं कोलिस्टिन.

डॉक्टर म्हणाले, "जुनं औषध आहे हे. किडनीला जड जातं, म्हणून आम्ही शेवटपर्यंत हात लावत नाही. आता दुसरं काही उरलेलं नाही."

मी मान हलवली, पण माझं लक्ष त्या नावातच अडकलं होतं. ते मी आधी वाचलं होतं आणि कुठे वाचलं होतं तेही मला आठवत होतं. आमच्या पोल्ट्रीच्या शेडला लागून खाद्याची खोली आहे. तिथे पत्र्याच्या पेटीवर एक पांढरं पाकीट असायचं. लहानपणापासून त्या खोलीत मी अभ्यासाला बसायचे, कारण शेडसाठी जनरेटर होता आणि घरातली लाईट गेली तरी तिथली जात नसे. समोर जे दिसेल ते वाचायची सवय. पाकिटावर कोंबडीचं चित्र, वर मोठ्या अक्षरांत 'ग्रोथ प्रमोटर' आणि खाली बारीक अक्षरांत हेच नाव.

अण्णा बिल भरून वर आले. मी त्यांना रिपोर्ट दाखवला, नावावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "हे तर आपल्या पाकिटातलं."

एवढंच. पुढे आम्ही दोघंही काही बोललो नाही.

*

आमचं शेड सिन्नर तालुक्यात आहे, चार हजार पक्ष्यांचं. अण्णांनी ते कर्ज काढून बांधलं तेव्हा मी पाचवीत होते. सुरुवातीची काही वर्षं ते कराराने चाललं. करारात कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषधं देते, माल उचलून नेते. शेतकऱ्याचं शेड, लाईट, पाणी, तूस आणि रात्रीची झोप. वाढवलेल्या वजनावर किलोमागे पैसे मिळतात. नंतर अण्णा 'ओपन'मध्ये उतरले. म्हणजे पिल्लं आपण विकत घ्यायची, मका आणि सोयाबीन पेंड आणून खाद्य आपणच भरडून घ्यायचं आणि माल मिळेल त्या भावाला विकायचा. फायदा आपला, तोटाही आपलाच.

ब्रॉयलरचा सगळा धंदा एका आकड्यावर चालतो. एफसीआर. पक्ष्याचं एक किलो वजन वाढवायला किती किलो खाद्य लागलं, तो आकडा. आमचा साधारण १.६५ यायचा. १.६० आला की अण्णा गावात जरा छाती काढून चालायचे. १.७५ आला की घरात आवाज बंद. एकूण खर्चातला सगळ्यात मोठा वाटा खाद्याचा, त्यामुळे दशांश चिन्हानंतरचा दुसरा आकडा माझी फी कधी भरली जाणार ते ठरवायचा. माझी चार वर्षांची फी, हॉस्टेल, लॅपटॉप हे सगळं त्या शेडमधून आलं. म्हणून हा लेख लिहिताना मी बाहेरून बघते आहे असा आव आणणार नाही.

ते पांढरं पाकीट या आकड्यासाठीच होतं. टनभर खाद्यात थोडीशी पावडर. आजारी पक्ष्यांना द्यायचं औषध नव्हतं ते. धडधाकट पक्ष्यांना, पहिल्या आठवड्यापासून रोज, अगदी कमी प्रमाणात दिलं जायचं. एखादा चांगला जंतुनाशक मारा बसावा एवढी मात्रा नसे. पण जंतूंना त्या औषधाची ओळख व्हावी, त्यातले चिवट मागे राहावेत आणि त्यांची प्रजा वाढावी, याला ती पुरेशी होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अण्णांनाही नव्हतं. दुकानदाराने दिलं होतं, आजूबाजूचे सगळे घालत होते आणि वजन मिळत होतं.

हॉस्पिटलमध्ये मी डॉक्टरांना सरळ विचारलं, आमच्या कोंबड्यांमुळे झालं का हे? ते म्हणाले, "असं कुणीच सांगू शकणार नाही. पाण्यातून येऊ शकतं, हॉस्पिटलमधून येऊ शकतं, आधी घेतलेल्या गोळ्यांमुळे होऊ शकतं." त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं. त्यामुळे मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

कोलिस्टिनने आजी बरी झाली. किडनीचे आकडे आधी वर गेले, मग महिनाभरात खाली आले. ती घरी आली आणि पहिल्याच दिवशी भाकरी कडक झाली म्हणून आईशी भांडली.

*

कोंबड्यांच्या खाद्यात हे औषध मुळात आलं कुठून, हे शोधायला मी बसले. गोष्ट अमेरिकेत सुरू होते, न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ले नावाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. १९४८ मध्ये तिथून ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बाहेर आलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याच वर्षी ते गेले. तिथेच थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड हे दोघं पिल्लांना बी-१२ जीवनसत्त्व स्वस्तात कसं देता येईल याच्या मागे होते. औषध काढून घेतल्यावर मागे उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घालून पाहिला. पिल्लं नुसत्या बी-१२ वर वाढायला हवी होती त्यापेक्षा जास्त वाढली. चोथ्यात राहून गेलेल्या अँटिबायोटिकचा तो परिणाम होता. १९५० मध्ये हे जाहीर झालं आणि बघता बघता जगभरच्या खाद्यात अँटिबायोटिक शिरलं.

यात मला सगळ्यात जास्त थांबवलं ते दुसऱ्या एका निरीक्षणाने. १९५० च्याच दशकात ब्रिटनमधल्या संशोधकांना दिसलं की, आधी कोंबड्या राहून गेलेल्या जुन्या खोल्यांमध्ये पेनिसिलिन घातलं की पिल्लांचं वजन वाढतं. नव्या, स्वच्छ खोल्यांमध्ये तेच पेनिसिलिन घातलं तर फारसा फरक पडत नाही. पुढे पूर्ण जंतुमुक्त वातावरणात पिल्लं वाढवून पाहिली, तिथेही वाढीचा फायदा दिसेना. म्हणजे ते औषध वाढ 'देत' नव्हतं. वाढ रोखणारं काहीतरी त्या खोलीत होतं, ते तेवढं दाबून ठेवत होतं.

दाबलेलं कधीतरी उसळतंच. युरोपात अव्होपार्सिन नावाचं औषध खाद्यात चालायचं. ते माणसांच्या व्हॅन्कोमायसिनच्या कुटुंबातलं. ते खाणाऱ्या कोंबड्यांमध्ये व्हॅन्कोमायसिनलाही न जुमानणारे जंतू सापडले. स्वीडनने वाढीसाठी अँटिबायोटिक देणं १९८६ मध्येच बंद केलं होतं. डेन्मार्कने १९९५ मध्ये अव्होपार्सिनवर बंदी घातली आणि १९९८ मध्ये तिथल्या ब्रॉयलर उत्पादकांनी वाढीसाठीची बाकीची अँटिबायोटिक्सही आपणहून थांबवली. १ जानेवारी २००६ पासून पूर्ण युरोपीय संघात ती बंद झाली.

आणि आमचं कोलिस्टिन? नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ नावाच्या जनुकाची माहिती प्रसिद्ध केली. डुकरांमध्ये, विक्रीच्या मांसात आणि हॉस्पिटलमधल्या रुग्णांमध्येही ते सापडलं होतं. हे जनुक कोलिस्टिनला निकामी करतं. त्याहून वाईट म्हणजे ते डीएनएच्या एका सुट्या कड्यावर असतं आणि एक जंतू ते कडं दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही, देऊ शकतो. आम्ही प्रोग्रॅमर एकमेकांचा कोड उचलतो तसं. कोंबडीच्या पोटात लिहिलेला कोड माणसाच्या पोटात चालतो.

चीनने २०१७ मध्ये खाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं. भारतात जुलै २०१९ मध्ये बंदी आली, आजी घरी येऊन महिना झाला होता तेव्हा. मी ती बातमी अण्णांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, "बरं झालं. दुकानदार पण सांगत होता, आता ते नाही येणार म्हणून. दुसरं दिलंय त्यानं."

दुसरं म्हणजे दुसरं अँटिबायोटिक. पाकिटाचा रंग बदलला, बाकी सगळं तसंच.

*

२०२० च्या फेब्रुवारीत चिकनने कोरोना होतो अशी अफवा पसरली. भाव इतका कोसळला की माल उचलायला गाडी येईना. अण्णांनी जिवंत पक्षी मिळेल त्या पैशाला गावात विकले, काही नुसते वाटले. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून घरी आले. शेड रिकामं होतं. चार महिने ते तसंच राहिलं. हाताला काम नव्हतं म्हणून अण्णांनी जुनी गादी पूर्ण काढली, जमीन खरवडली, फ्लेमगनने जाळली, भिंतींना चुना दिला, पाण्याच्या पाइपलाइन सोडवून धुतल्या.

जुलैमध्ये पिल्लं टाकली, म्हणजे विक्री श्रावण संपल्यावर येईल अशा बेताने. दुकानदाराची उधारी थकली होती, त्यामुळे या बॅचला पाकीट आणलंच नव्हतं. अण्णा सगळ्यांना सांगत होते, यावेळी मार खाणार. एफसीआर आला १.५८. शेड बांधल्यापासूनचा सगळ्यात चांगला.

"पिल्लं चांगली होती," अण्णा म्हणाले. पैसे आल्यावर त्यांनी उधारी चुकवली आणि पुढच्या बॅचला पाकीट परत आणलं.

ब्रिटनचं ते जुन्या-नव्या खोल्यांचं निरीक्षण मी वाचलं ते याच्या दोन महिन्यांनंतर. वाचताना मला हसू आलं, मग रडू आलं. तो प्रयोग आमच्याच शेडमध्ये होऊन गेला होता आणि आम्ही श्रेय पिल्लांना देऊन मोकळे झालो होतो.

मी अण्णांना म्हटलं, आपण पाकीट बंद करू या. ते म्हणाले, "बंद करू. पण त्याच्या जागी काय घालायचं ते सांग."

*

त्याच्या जागी काय, हा प्रश्नच चुकीचा होता. पण ते कळायला आम्हाला तीन बॅचेस लागल्या.

बाजारात त्याच्या जागी घालायला खूप काही आहे. पहिला गट आम्लांचा. फॉर्मिक, सायट्रिक, ब्युटिरिक. पाण्यातून किंवा खाद्यातून दिली की पोटातलं वातावरण आंबट होतं आणि साल्मोनेला, ई. कोलायसारख्या जंतूंना ते मानवत नाही. ब्युटिरिक आम्लाचं तर नावच लोण्यावरून आलेलं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते इंधन म्हणून वापरतात. त्याचं पोतं उघडलं की खवट तुपाचा असा भपकारा येतो की आई दोन दिवस त्या खोलीकडे फिरकली नव्हती.

दुसरा गट प्रोबायोटिक्सचा, म्हणजे चांगल्या जंतूंचा. यामागची गोष्ट मला फार आवडते. गावठी कोंबडीची पिल्लं आईच्या मागे फिरतात, तिच्या विष्ठेतही चोची मारतात आणि तिच्या पोटातले जंतू वारशाने घेतात. हॅचरीतलं पिल्लू यंत्रात जन्मतं. त्याने आई कधी पाहिलेलीच नसते. त्याचं आतडं रिकाम्या प्लॉटसारखं असतं, जो आधी येईल तो बसेल. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला या दोघांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू लहान पिल्लांना देऊन दाखवलं की मग साल्मोनेलाला तिथे पाय रोवणं जड जातं. आज पाकिटातून लॅक्टोबॅसिलस किंवा बॅसिलस सब्टिलिस मिळतात, कल्पना तीच.

तिसरा गट त्या चांगल्या जंतूंच्या खाण्याचा आणि वाईट जंतूंना फसवणाऱ्या साखरेचा. यीस्टच्या पेशीभित्तीतून काढलेल्या एका साखरेला काही घातक जंतू आतड्याची भिंत समजून चिकटतात आणि तिच्यासोबत बाहेर जातात. चौथा गट एन्झाइम्सचा. पक्ष्याला जे पचत नाही ते ती फोडतात, त्यामुळे आतड्याच्या शेवटच्या भागात वाईट जंतूंना आयतं जेवण उरत नाही. पाचवा वनस्पतींचा. ओव्याचा थायमॉल, दालचिनीचं तेल, लसूण, हळद.

आईने पहिल्यांदा मत दिलं ते इथे. "पोट बिघडलं की ओवाच देतात ना? मग त्यात एवढं काय शोधायचं!"

आम्ही सुरुवात केली २०२१ च्या जानेवारीत. पाकीट बंद. आईचा ओवा-लसणाचा काढा सुरू. शिवाय मी पुण्याहून मागवलेलं महागडं प्रोबायोटिक, पाण्यातून. मी गुगल शीट बनवली, चार्ट लावले. तिसऱ्या आठवड्यात गादी ओली दिसायला लागली, मग विष्ठा पातळ, मग रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सी, आणि तिच्या मागोमाग क्लॉस्ट्रिडियमने आतडी सडायला लागली. व्हेटर्नरी डॉक्टरांनी मेलेला पक्षी चिरून आतडं उलगडून दाखवलं. आतून जुन्या टॉवेलसारखं खरखरीत झालं होतं. एरवी तिथे बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न शोषून घेणारे. ते झिजून गेले होते.

मर साडेसहा टक्के, म्हणजे दोनशे साठ पक्षी. एफसीआर १.७४. नेहमीपेक्षा ०.०९ जास्त. ऐकायला काहीच वाटत नाही, पण विकलेल्या सव्वाआठ टन मालावर ते जवळपास साडेसातशे किलो जादा खाद्य होतं. अठ्ठावीस हजार रुपये. मेलेले पक्षी वेगळे.

माझा पगार होता, मी ते पैसे देऊ केले. अण्णा म्हणाले, "पैशाचं नाही गं बाळा. रोज सकाळी बादली भरून मेलेले पक्षी खड्ड्यात टाकायचे. तू शीटमध्ये आकडा टाकतेस. मी टाकतो तो पक्षी."

यावर मला उत्तर नव्हतं. आजही नाही.

*

डॉक्टरांनी चुका दाखवल्या तेव्हा लाज वाटली. अण्णा रोज टाकीत ब्लीचिंग पावडर टाकत होते, जे बरोबरच होतं. त्याच टाकीत मी प्रोबायोटिक ओतत होते. क्लोरीन चांगला जंतू, वाईट जंतू असा भेद करत नाही. मी महिनाभर चार आकडी पैसे देऊन मेलेले जंतू पाजत होते. काढ्यात थायमॉल किती उतरतं, ते रोज सारखं असतं का, हेही आम्ही कधी मोजलं नव्हतं.

पण त्यांनी खरं बोट ठेवलं ते गादीवर. मूठभर तूस उचलून दाबलं. गोळा झाला. "हा सुटायला पाहिजे," म्हणाले. "तुमचे निप्पल गळतायत. किती दिवसांपासून?"

अण्णा म्हणाले, "ते कायमच थोडे गळतात."

कायमच. म्हणजे पाकीट होतं तेव्हाही गळत होते. गादी तेव्हाही ओलीच होती. एक बॅच गेली की आठव्या दिवशी दुसरी पिल्लं टाकायची घाई तेव्हाही होती. उन्हाळ्यात पडदे वेळेवर वर न करणं, पावसाळ्यात अमोनियाने डोळे चुरचुरणं, पाइपच्या आतला बुळबुळीत थर, हे सगळं तेव्हाही होतं. फक्त ते आकड्यात दिसत नव्हतं.

माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. प्रोग्रॅममध्ये चूक झाली की तो थांबतो आणि काय बिघडलं ते सांगतो. नवशिक्या माणसाला ते नको असतं. मग तो एक युक्ती करतो. चूक पकडायची आणि गिळून टाकायची. स्क्रीनवर लाल काही येत नाही, प्रोग्रॅम चालत राहतो, साहेब खूश. चूक आहे तिथेच असते. दोन वर्षांनी कुणीतरी तो गिळणारा तुकडा काढतो आणि एकदम शंभर ठिकाणी आरडाओरडा सुरू होतो. सगळे म्हणतात, यानेच बिघडवलं.

पांढरं पाकीट तसा तुकडा होता. आम्ही तो काढला आणि शेड बोलायला लागलं.

मग 'त्याच्या जागी काय' हा प्रश्न आम्ही सोडला. आधी निप्पल बदलले आणि पाण्याचा दाब पक्ष्यांच्या वयाप्रमाणे ठेवायला शिकलो. गादी रोज हलवायची. दोन बॅचमध्ये पंधरा दिवस शेड रिकामं. चार हजारांऐवजी छत्तीसशे पिल्लं. त्यानंतर पाण्यातून आम्ल. प्रोबायोटिक आता खाद्यातून आणि तेही बॅसिलसचं, कारण ते बीजाणूच्या रूपात असतं आणि साठवणीत तगून राहतं. ब्युटिरिक पहिल्या तीन आठवड्यांना. कॉक्सीवरचं औषध सुरू ठेवलं. डेन्मार्कमध्येही अँटिबायोटिक थांबवल्यावर एफसीआर अगदी थोडाच बिघडला आणि मर वाढली नाही, पण तिथेही कॉक्सीवरचं औषध चालू होतं आणि ते क्लॉस्ट्रिडियमलाही काही प्रमाणात आवरतं. ही ओळ यशोगाथा सांगणारे बहुतेक वेळा गाळतात, म्हणून मुद्दाम लिहिली.

दुसरी बॅच १.७०. तिसरी १.६६. त्यानंतर आम्ही १.६३ ते १.६८ च्या मध्ये आहोत. पाकीट असताना होतो तिथेच. चारशे पक्षी कमी.

आईचा ओवा? तो बंद झाला. ओव्यात दम नाही असं नाही, पण मोजून देता येईल असा अर्क परवडेना. आई अजून म्हणते, तुम्ही नीट उकळलाच नाहीत.

*

आता राहिला पैशाचा भाग, जो अशा लेखांमध्ये शेवटी घाईत उरकतात.

आमचा माल रात्री दोनला उचलला जातो. व्यापारी क्रेट भरतो, काट्यावर ठेवतो, वजन लिहितो. अँटिबायोटिकविना वाढवला म्हणून किलोमागे आठ आणे जास्त मिळालेत असं एकदाही झालेलं नाही. श्रावणात सगळ्यांचा भाव पडतो तेव्हा आमचाही पडतो. चारशे पक्षी कमी आणि वर्षाला एक बॅच कमी, हा भार पूर्ण आमचा. अण्णा तो उचलू शकतात कारण घराचा हप्ता मी भरते. शेजारच्या वाडीतले काका, ज्यांची दोन मुलं अजून शिकतायत, ते अजूनही पाकीट घालतात. त्यांना मी काय तोंडाने शिकवू? माझं शिक्षण त्याच पाकिटावर झालं.

पुण्यात मी ॲपवरून चिकन मागवते तेव्हा पॅकेटवर लिहिलेलं असतं, 'अँटिबायोटिक रेसिड्यू फ्री'. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातल्या चिकनचे ७० नमुने तपासले होते आणि ४० टक्क्यांमध्ये अँटिबायोटिकचे अंश सापडले होते. अंश नसणं चांगलंच. पण त्या तीन शब्दांचा अर्थ एवढाच की मांसात औषधाचे अंश उरलेले नाहीत. विक्रीच्या आधी काही दिवस औषध थांबवलं की अंश उतरतात. आधीचे तीस दिवस ते रोज दिलं होतं का, हे त्यातून कळत नाही. आणि औषध अंगातून निघून गेलं तरी त्याला सरावलेला जंतू गादीत, खतात, त्या खतावर पिकलेल्या कोथिंबिरीपर्यंत कुठेही असू शकतो. तेव्हा लेबल वाचताना विचारायचा प्रश्न 'अंश आहेत का' एवढाच नाही. 'कधी दिलं होतं आणि कशासाठी' हाही आहे.

कारण आम्हीही अँटिबायोटिक सोडलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात एका बॅचला ई. कोलायचं इन्फेक्शन झालं, तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवसांचा पूर्ण डोस दिला आणि आम्ही दिला. आजारी जनावराला औषध न देणं यात काही मोठेपणा नाही. आजीलाही तेच औषध लागलं होतं, आणि ते चाललं, कारण त्या जंतूला ते अजून ओळखीचं झालं नव्हतं.

आजी २०२१ च्या दिवाळीनंतर गेली. झोपेत, वयाने. इन्फेक्शनने नाही. तिला हे सगळं मी कधी सांगितलं नाही. तिच्यासाठी पोल्ट्री म्हणजे वास येतो म्हणून नाक मुरडायची जागा होती आणि तरीही रोज संध्याकाळी काठी टेकत ती तिथे एक चक्कर मारायचीच.

अण्णा आता शीट भरत नाहीत, वही ठेवतात. मर, खाद्य, पाणी, तापमान आणि शेवटचा रकाना 'औषध'. बहुतेक पानांवर त्यात आडवी रेघ आहे. पावसाळ्यातल्या पाच दिवसांपुढे नाव, मात्रा आणि डॉक्टरांची सही आहे.

परवा त्यांचा फोन आला. हॅचरीवाला दहा तारखेला पिल्लं देतो म्हणतोय, बाजार चढा आहे, लगेच टाकली तर चांगला भाव लागेल.

मी विचारलं, "शेड रिकामं होऊन किती दिवस झाले?"

"अकरा."

मी काही बोलले नाही. बोलण्याचा हक्क मला किती आहे, ते मला कळत नाही.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "चौदा तारखेची घेतो. गादी अजून पुरती सुकली नाही."